पुरातून वाचलेला क्यूब आणि कसाही बसवला तरी चुकणारा एक कॉर्नर

कृष्णाकाठी_अण्णा (सांगली) · शुक्रवार, रात्री ९:५०

मंडळी, दिवाळीची साफसफाई चालू आहे आणि जुनं दुखणं परत वर आलंय. जाणकारांनी मदत करावी.

मला फिरवायच्या कोड्यांचा नाद आहे. ३×३ (नेहमीचा रुबिक क्यूब), ४×४, पिरॅमिंक्स, मेगामिंक्स, स्क्वेअर-वन, आरशासारखा चंदेरी मिरर क्यूब, असे एकूण ३१ नग. वेगाबिगाच्या भानगडीत मी नाही. निवांत बसून सोडवतो, थर लावत, चहा गार होईपर्यंत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. टीव्ही, गहू-तांदूळ, कागदपत्रं, मुलीची वह्यापुस्तकं वर नेली, आणि हॉलमधलं काचेचं कपाट खालीच राहिलं. सौ. म्हणते, "एवढा जीव होता तर आधी तेच उचलायचं की." पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर सगळ्या कोड्यांवर एकसारखा राखाडी लेप. कुठला क्यूब कुठला ते रंगावरून कळेना.

मग सगळे उघडून तुकडे सुटे केले आणि एकाच बादलीत घातले. (चूक झाली, माहीत आहे, नंतर बोलू नका.) निरम्याचं पाणी, जुना टूथब्रश, गच्चीवर चादर टाकून वाळवण. चार दिवस आमच्या गच्चीवर एका कुटुंबाचे दात पडल्यासारखे तुकडे पसरले होते. वाळल्यावर आकार आणि मापं बघून जुळवत गेलो. २९ नग फिरायला लागले. स्क्वेअर-वनच्या स्प्रिंगा गंजल्यात. तासगावच्या रथाच्या जत्रेत घेतलेला एक स्वस्तातला ३×३ आहे, तो जोडला खरा, पण आतल्या वाळूमुळे कुरकुर करतो, फिरतच नाही. तो पिशवीत घालून बाजूला टाकलाय.

दुखणं वेगळंच आहे. १९९८ साली पहिल्या पगारातून हरभट रोडवर घेतलेला ३×३. तो फिरतो, छान फिरतो. पण सुटत नाही. बाकीचे २५ तुकडे जागेवर येतात आणि एकच कॉर्नर (कोपऱ्यावरचा तीन रंगांचा तुकडा) अडतो: पांढरा-लाल-हिरवा. त्याचा पांढरा वर बरोबर बसतो, पण लाल आणि हिरवा एकमेकांच्या जागी. इतकी वर्षं तो तसाच शोकेसमध्ये ठेवलाय, चुकलेला कॉर्नर भिंतीकडे करून.

---

पीबी_११_४ (विश्रामबाग) · शुक्रवार, रात्री १०:०४

अण्णा, कॉर्नर ट्विस्ट आहे हो. लई कॉमन. अंगठ्याने तो कॉर्नर जागेवरच पिळा, टक् वाजेल, संपला विषय. स्पर्धेतसुद्धा मध्येच असा कॉर्नर पिळला गेला तर शेवटी तेवढा एक जागेवर फिरवून घ्यायची मुभा असते. घड्याळ चालूच राहतं, एवढंच.

---

खवचट_खान · शुक्रवार, रात्री १०:११

दोन स्टिकर सोलून अदलाबदल करा. आम्ही ८२ पासून असेच सोडवत आलोय. धाग्याची जिलबी इथेच तळून झाली.

---

कृष्णाकाठी_अण्णा · शुक्रवार, रात्री १०:३०

पीबी, पिळून बघितला. एकदा पिळला तर लाल बरोबर, पांढरा-हिरवा उलटे. अजून एकदा पिळला तर हिरवा बरोबर, पांढरा-लाल उलटे. तिसऱ्यांदा पिळला की मूळपदावर. कसाही फिरवा, एक रंग खरा आणि दोन खोटे.

---

पीबी_११_४ · शुक्रवार, रात्री १०:३३

असं होत नसतं काका 😅 फोटो टाका. बघण्यात गडबड होत असेल.

---

सर_कऱ्हाडचे · शनिवार, सकाळी ६:१५

गणित शिकवण्यात ३४ वर्षं गेली, त्यामुळे खोड आहे. थोडं लांबण लावतो, घाई असेल त्यांनी खाली उतरावं.

३×३ क्यूबच्या शक्य मांडण्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. वीस आकडी संख्या. पण हा आकडा न मोडता, फक्त फिरवून मिळणाऱ्या मांडण्यांचा. क्यूब उघडून तुकडे मनाला येतील तसे जोडले तर याच्या १२ पट मांडण्या होतात. म्हणजे डोळे मिटून जोडलेला क्यूब सुटण्याची शक्यता १२ मध्ये १.

हे १२ कुठून आले? कॉर्नरचा पीळ तीन तऱ्हेचा. सगळ्या कॉर्नरांच्या पिळांची बेरीज पूर्ण फेऱ्यात बसावी लागते, म्हणून एकटाच कॉर्नर पिळलेला अशी स्थिती फिरवून कधीच येत नाही. एज (कडेवरचा दोन रंगांचा तुकडा) दोन तऱ्हेने बसते आणि उलट्या एजांची संख्या सम लागते. आणि तिसरं, फक्त दोनच तुकड्यांची अदलाबदल फिरवून होत नाही. ३ × २ × २ = १२. अण्णांनी गच्चीवर जुळवलेले सगळेच ३×३ यातून सुटले असतील, तर एकतर नशीब, नाहीतर जोडताना ते लावूनच जोडले असतील.

आता मुद्दा. पीबी, तुझं निदान घाईचं आहे. नुसता पिळलेला कॉर्नर असेल तर त्याचे तिन्ही रंग चुकतात, कारण तिन्ही एकेक घर पुढे सरकलेले असतात. अण्णा म्हणतात एक बरोबर आणि दोन उलटे. ही पिळाची खूणच नव्हे. वरच्या बारांपैकी कुठल्याच घरात हा रोगी बसत नाही. फिरवण्यातली चूक नाही, जोडण्यातलीही नाही. तुकडाच शंकास्पद आहे.

खवचटरावांचा उपाय हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी कुणी नेमके ते दोन स्टिकर काढून उलट लावले असतील तर हुबेहूब हेच दिसेल.

---

पीबी_११_४ · शनिवार, सकाळी ८:४०

सर मानलं 🙏 तिन्ही चुकतात हे डोक्यातच नव्हतं. रोज हातात असतो तरी.

---

कृष्णाकाठी_अण्णा · शनिवार, सकाळी ९:२०

सर, मलाही आधी मुलीचाच संशय होता. भिंग लावून बघितलं. स्टिकर मूळचेच आहेत, कडेला पुराची रेघसुद्धा तिन्हीवर सलग आहे. सोललेला स्टिकर परत बसवला की एक कोपरा उचललेला राहतो, तसं काही नाही. मुलीने फोनवर शपथ घेतली. आता ती पुण्यात नोकरी करते, तिला खोटं बोलायचं कारण नाही.

---

मिरजेची_तार · शनिवार, दुपारी १२:०५

कॉर्नरचं मला कळत नाही, पण स्प्रिंगांचं बोलतो. आम्ही तंतुवाद्यं दुरुस्त करणारी माणसं, मिरजेत सतारमेकर गल्लीतच बसतो. पोराच्या क्यूबमुळे हे खूळ लागलं.

गंजलेली स्प्रिंग घासून परत घालू नका. चार दिवस चालते आणि नेमकी एकाच बाजूला ढिली पडते. बॉलपेनची स्प्रिंग कापून घालायचा उद्योग मी केलाय. क्यूब फिरतो, पण प्रत्येक बाजूला वेगळा आवाज, ऐकवत नाही. सहा सेंटर (प्रत्येक बाजूचा मधला तुकडा), सहा स्क्रू, सहा स्प्रिंगा, सगळ्या एका जातीच्या पाहिजेत. आधी सहाही स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आवळा, मग प्रत्येक सारखेच आटे मागे घ्या. मग डोळे मिटून एकेक बाजू फिरवा आणि ऐका. ढिली बाजू खुळखुळते, आवळलेली बाजू घशात बोलते. सहाही बाजू एका सुरात आल्या की थांबा. खुंटी पिळताना हात जसा थांबतो, अगदी तसाच. त्यापुढे अर्धा आटासुद्धा जास्त.

स्क्वेअर-वनची रचना वेगळी, त्याला सहा नाहीत. घेऊन या, उघडून बघू.

---

कंदी_पेढा (सातारा) · शनिवार, दुपारी १:३०

तेलाचा विषय निघेलच म्हणून आधीच सांगतो. मी शाळेत असताना क्यूबला खोबरेल घातलं होतं. ऑक्टोबरभर लोण्यासारखा चालला. डिसेंबरात एका सकाळी हातात घेतला तर दगड! राजवाड्यामागे राहतो, थंडी किती ते साताऱ्यातल्यांना सांगायला नको. खोबरेल २४ अंशाच्या आसपास गोठतं, आणि क्यूबच्या पोटात त्याचं तूप झालेलं. आजीने गाद्या उन्हात टाकल्या होत्या, त्यावर क्यूब ठेवला. दुपारी फिरायला लागला, संध्याकाळी परत दगड. महिनाभर मी दुपारचाच क्यूब सोडवत होतो.

आता सिलिकॉन तेलाचे दोन थेंब. बास.

---

पीबी_११_४ · शनिवार, दुपारी १:४२

दुपारचा क्यूब 😂😂

हल्ली मॅग्नेटवाले घ्या ना काका, थर आपोआप रेषेत येतो. आमच्या पिढीचा शोध.

---

सर_कऱ्हाडचे · शनिवार, दुपारी ३:१०

बाळा, पिढीचा शोध म्हणू नकोस. अमेरिकेत लॅरी निकोल्स यांनी २×२ कोड्यासाठी १९७० मध्ये अर्ज केला आणि १९७२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्याचे आठ तुकडे लोहचुंबकांनीच धरलेले होते. एर्नो रुबिक यांनी बुडापेस्टमध्ये ३×३ केला तो १९७४ मध्ये. वास्तुकला शिकलेला, उपयोजित कलांच्या अकादमीत शिकवणारा माणूस. त्यांची कमाल वेगळी: चुंबक नाही, दोरा नाही, तुकडेच एकमेकांना धरून ठेवतात. आणि स्वतःच बनवलेलं कोडं सोडवायला त्यांना महिन्याच्या वर लागला. मला हे फार आवडतं. पेपर काढणाऱ्यालाच पेपर अवघड गेला.

तोच क्यूब कुठूनही जास्तीत जास्त २० चालींत सुटतो, हे सिद्ध व्हायला २०१० उजाडलं. तेही संगणकांना कामाला लावून.

---

आठवड्याची_भाजी · शनिवार, रात्री ८:५५

अण्णा, धागा सकाळपासून वाचतेय, पण डबे-भाजी उरकल्याशिवाय बसता आलं नाही.

मी वाळवा तालुक्यात एका शाळेत शिकवते. शनिवारी दप्तराशिवाय वर्ग असतो, त्यात मुलांना क्यूब शिकवते. मुलं आपापले क्यूब आणतात: कुणी ऑनलाइनचा, कुणी जत्रेतला. माझी पहिली अडचण तुमच्यासारखीच होती. मी सांगायचे, "पांढरा वर धरा, हिरवा तोंडासमोर, आता उजव्या हाताला लाल आला का?" तीस मुलं "हो बाई" म्हणायची आणि दोन-तीन म्हणायची, "बाई, माझा लाल डाव्या हाताला आहे." आधी वाटायचं पोरं धड धरत नाहीत.

धरत होती बरोबर. त्यांच्या क्यूबवर रंगच आरशातले होते. पांढऱ्यासमोर पिवळा, लालसमोर केशरी, निळ्यासमोर हिरवा, सगळ्या जोड्या त्याच. पण गोल फिरण्याची दिशा उलटी. जत्रेतल्या स्वस्त क्यूबांमध्ये असे निघतात. क्यूब म्हणून त्यात खोट काहीच नाही, एकटा असला की बिनबोभाट सुटतो.

तुमचा तो कॉर्नर क्यूबमधून न काढता पांढऱ्या बाजूपासून घड्याळाच्या दिशेने वाचा. तुमच्या जुन्या क्यूबवर पांढरा, लाल, हिरवा असा क्रम यायला हवा. मला वाटतं तुम्ही पांढरा, हिरवा, लाल वाचाल. तसं असेल तर तो तुकडा तुमच्या क्यूबचा नाहीच. बादलीत दुसऱ्याच्या घरातून आलाय.

तो तासगावचा पिशवीतून काढा बरं.

---

पीबी_११_४ · शनिवार, रात्री ८:५९

अगं बाई. ताई!!!

---

सर_कऱ्हाडचे · शनिवार, रात्री ९:२०

ताई, दंडवत. डावा बूट उजव्या पायात. कितीही फिरवा, डावाच राहणार.

आणि एजांमध्ये ही भानगड दिसणारच नाही, कारण एजेवर दोनच रंग. दोन रंगांना गोल क्रम नसतो. दोन क्यूबांच्या बाराच्या बारा एजा एकमेकांत मिसळल्या तरी पत्ता लागायचा नाही. तीन रंग आले की डावं-उजवं सुरू होतं. मी ३४ वर्षं फळ्यावर हे शिकवायला हवं होतं, क्यूब घेऊन.

---

खवचट_खान · शनिवार, रात्री ९:३१

म्हणजे माझा स्टिकरचा उपाय तत्त्वतः बरोबर होता. नोंद घ्यावी.

---

कृष्णाकाठी_अण्णा · रविवार, सकाळी ११:१५

बसूनच लिहितो.

ताई, तुम्ही सांगितलं तसा वाचला. पांढरा, हिरवा, लाल.

मग पिशवी सोडली. तासगावचा क्यूब बाहेर काढला, पांढरा वर, हिरवा समोर. लाल डाव्या हाताला. सेंटरवरूनच दिसलं. हा क्यूब मी रथाला घेतल्यापासून कधी नीट बघितलाच नव्हता. घेतला, एकदा सोडवला, कपाटात ठेवला, पुढच्या वर्षी पूर.

वरचा थर ४५ अंशात तिरपा केला, बोटाने एज उचकटली आणि सगळा उघडला. सेंटरच्या खाली, प्लॅस्टिकच्या टोपणाआड, अजूनही चिमूटभर गाळ होता. वाळून राख झालेला, पण पाण्याखाली धरला तसा बोटांना परत तोच चिकटपणा आणि तोच वास. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "कसला वास येतोय?" मी काही बोललो नाही. तिने येऊन बघितलं, खिडकी उघडली आणि गेली.

आठ कॉर्नर वर्तमानपत्रावर मांडले आणि एकेक वाचला. सात उलट्या क्रमाचे. आठवा पांढरा, लाल, हिरवा. माझा. दोन्ही क्यूब एकाच साच्यातले असावेत, कारण फटीत जरासुद्धा फरक नाही. फक्त त्याचा पांढरा थोडा पिवळट पडलाय, १९९८ चा असल्यामुळे. शेजारी ठेवला तेव्हा दिसलं. इतकी वर्षं शोकेसमध्ये जो पांढराशुभ्र कॉर्नर होता तो खरं तर जास्तच पांढरा होता, आणि मला वाटायचं मी तेवढा घासून काढलाय.

बदलला. शेवटची एज दाबली तेव्हा कट् आवाज आला. सगळे रंग जागेवर.

तासगावचा मात्र सोडवायला घेतला आणि शेवटी एक कॉर्नर पिळलेला राहिला. यावेळी तिन्ही रंग चुकलेले! सर, तुमची खूण पटली. अंगठ्याने पिळला, सुटला. पीबी, तुझा उपाय एक क्यूब उशिरा का होईना, लागू पडला.

---

पीबी_११_४ · रविवार, सकाळी ११:२१

काका 🔥🔥 दोन्ही शेजारी ठेवून फोटो पाहिजे. पांढरा वर, हिरवा समोर.

---

कंदी_पेढा · रविवार, दुपारी १२:४०

अण्णा, बाकीचे पण तपासा. बादली एकच होती ना. ४×४ जुळला का?

---

कृष्णाकाठी_अण्णा · रविवार, दुपारी ४:०५

४×४ चा एक प्रश्न आहेच. शेवटी एकच एजजोडी उलटी राहते. सर म्हणाले उलट्या एजा सम लागतात. मग हाही बादलीचाच प्रताप का?

---

आठवड्याची_भाजी · रविवार, दुपारी ४:३०

नाही अण्णा, तो निरोगी आहे. ४×४ मध्ये ती एज म्हणजे दोन सुटे तुकडे शेजारी आणलेले असतात, त्यामुळे ३×३ चा नियम तिथे लागू पडत नाही. निम्म्या वेळा असंच येतं. त्यालाच पॅरिटी म्हणतात, त्याची वेगळी लांबलचक चाल आहे. उघडू नका, ५६ तुकडे आहेत. उद्या शाळेतून आले की चाल मराठीत लिहून देते, उजवी-डावी-वरची करत.

---

सर_कऱ्हाडचे · रविवार, संध्याकाळी ६:५०

ताईंची चाल येईपर्यंत अण्णांना एक उद्योग. सुटलेला १९९८ चा क्यूब घ्या. उजवी बाजू एक पाव फिरवा, मग वरची एक पाव, दोन्ही घड्याळाच्या दिशेने. ही जोडी तशीच करत राहा. क्यूब पार विस्कटतो, आणि बरोबर १०५ जोड्यांनंतर आपोआप सुटतो. वरची उलट दिशेने फिरवलीत तर ६३ पुरतात. कऱ्हाड-सातारा एसटीत मी हे करायचो. उंब्रजपर्यंत आकडा लक्षात असायचा, नागठाण्याला हमखास चुकायचा, कारण तिथे कुणीतरी चढून विचारायचं, "सर, अजून सुटला नाही व्हय?"

---

मिरजेची_तार · रविवार, रात्री ८:१०

अण्णा, स्क्वेअर-वन कधी आणताय? पोराला विचारलं, त्याच्याकडे दोन मोडके पडलेत, त्यातून स्प्रिंगा निघतील.

---

कृष्णाकाठी_अण्णा · रविवार, रात्री ८:२५

पुढच्या रविवारी सकाळी येतो. तासगावचाही आणतो, त्याची एक बाजू अजून घशात बोलतेय.